मानपत्रातलं एक क्रियाविशेषण

नगराळे सरांना कुणी सांगितलं की आनंद झाला, तर ते विचारत, "किती?"

हा प्रश्न ते शिक्षकांना विचारत, पालकांना विचारत, लग्नाची पत्रिका घेऊन आलेल्या माणसालाही विचारत. 'खूप' हे उत्तर त्यांना चालत नसे. "खूप म्हंजे? गाय व्याली तेवढा, का पोरगं पास झालं तेवढा?" समोरचा माणूस गोंधळून गायीकडे वळे. सर मान हलवत, पत्रिका खिशात घालत आणि लग्नाला जात नसत. मंडपात फार वेळ बसावं लागतं, हे त्यांचं कारण. खरं तर बसणं हीच त्यांची अडचण होती.

तेलंगणातल्या आदिलाबाद जिल्ह्यात बोथच्या अलीकडे, हायवेवरून आत वळलं की आमची शाळा. एकाच इमारतीत तेलुगू वर्ग आणि मराठी वर्ग, मधे अंगण, अंगणात कडुनिंब. मी मराठी वर्गांना समाजशास्त्र शिकवत होतो. नगराळे सर दोन्हीकडे इंग्रजी शिकवत. त्यामुळे अंगण ओलांडण्याचा अधिकृत परवाना फक्त त्यांच्याकडे होता आणि ते तो दिवसभर वापरत. उंच, काटकुळे, पायात झिजलेल्या चपला. तास कुठला, वर्ग कुठला, सर कुठे, याचा मेळ मुख्याध्यापकांना कधी लागला नाही. शिक्षकखोलीतली त्यांची खुर्ची आली त्या दिवशीच्या प्लास्टिकमध्येच राहिली. चहा ते उभ्यानं घेत, अर्धा पीत, कप खिडकीत ठेवून निघून जात. परत येत तेव्हा तो थंड झालेला असे, आणि त्याचा ठपका आमच्या शिपायावर, पोचन्नावर येई. पोचन्ना शहाणा होता. त्यानं त्यांना अर्धा अर्धा कप दोनदा द्यायला सुरुवात केली आणि वाद मिटला.

मला ते 'प्रोफेसर' म्हणत. मी मधल्या सुट्टीत पुस्तक वाचतो याची ती शिक्षा होती.

त्यांचा इंग्रजीबद्दलचा एक सिद्धांत होता आणि तो ऐकल्याशिवाय शाळेत कुणाचाही प्रोबेशन काळ संपत नसे. "आपल्या वऱ्हाडीत माणूस 'लय' म्हणते न, तवा तो गळ्यानं सांगते किती ते. जराक लय, का लऽऽय. कागदाले गळा नसते, प्रोफेसर. मंग तिथं शब्द लागते, आन तो मापूनच लावा लागते. नाई तं समद्यायले सारखंच 'व्हेरी मच'. व्हेरी मच थँक्यू, व्हेरी मच हॅपी, व्हेरी मच सॉरी. अरे, तीन येगयेगळे माणसं हायेत ना ते!"

हे बोलताना ते खिडकीपर्यंत जाऊन परत आलेले असत.

वर्गात हा सिद्धांत ते मुलांच्या पायांनी शिकवत. वर्गाच्या दारापासून कडुनिंबापर्यंत चुन्यानं शब्द लिहायचे. दारापाशी 'हार्डली', म्हणजे जेमतेम. पुढे 'फेअरली', बऱ्यापैकी. मग 'क्वाइट', मग 'रिअली', आणि झाडाच्या बुंध्याशी 'होलहार्टेडली', सगळं काळीज लावून. सर एखादी गोष्ट पुकारत आणि मुलांनी आपापल्या उत्साहाच्या जागी जाऊन उभं राहायचं. दुपारच्या जेवणातलं अंडं म्हटलं की झाडाखाली चेंगराचेंगरी. गणित म्हटलं की दारात. मग प्रत्येकानं उभ्या जागचा शब्द घालून वाक्य लिहायचं.

एकदा मुख्याध्यापक पाहत असताना सरांनी पुकारलं, "शाळेत यायले किती आवडते?" मुख्याध्यापक पाहताहेत म्हटल्यावर सगळा वर्ग झाडाकडे पळाला. सातवीतली कविता नावाची एक मुलगी तेवढी मधेच थांबली, 'क्वाइट'वर.

मुख्याध्यापकांनी विचारलं, "तू काऊन थांबली तिथं?"

"सकाळी नाई आवडत, सर. घरून निंगाले जीवावर येते. दुपारून आवडते. म्हून मंधात."

नगराळे सरांनी टाळी वाजवली. "हे पाहा! ह्या पोरीनं हिशेबानं पाय ठेवला. बाकी समदे खोटारडे हायेत, या इकडं परत!" मुख्याध्यापकांचा चेहरा 'हार्डली'वर गेला.

घरी या शिस्तीचा मोबदला त्यांना रोज मिळे. त्यांच्या पत्नी सुमनताई अंगणवाडीत होत्या, बोलायला खमक्या. वांग्याची भाजी 'फेअरली गुड' झाली असं सर एकदा म्हणाले. ताईंनी अर्थ विचारून घेतला आणि त्यानंतर आठवडाभर भाजीत मीठ फेअरली पडत राहिलं. मी जेवायला असताना सर बोलत सुटले की त्या म्हणत, "तुमचं बोलणं आता एक्स्ट्रीमली झालं. जेवा, बाप्पा. भाऊ थांबले हायेत."

शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटावर मंडळाच्या, म्हणजे इथल्या तालुक्याच्या, शाळांवरच्या मोठ्या साहेबांचा वाढदिवस आला की सकाळपासून गुलाबांचा आणि नमस्कारांचा पूर येई. 'हार्टिएस्ट', 'वॉर्मेस्ट', एकानं तर 'एव्हर हार्टिएस्ट'. त्यात नगराळे सरांचा एक ओळीचा संदेश: साहेबांचा वाढदिवस आहे हे वाचून मी क्वाइट प्लीज्ड आहे. मुख्याध्यापकांनी वर्गातून त्यांना बाहेर बोलावलं.

"सर, तो 'क्वाइट' काढा जी. साहेब मनावर घेतील."

"घेऊ द्या ना. खरा हाये तो."

"अवो, खऱ्याचं काय काम हाये वाढदिवसात?"

मुख्याध्यापकांचं हे वाक्य मला अजून चुकीचं ठरवता आलेलं नाही.

पण या माणसाचं खरं संस्थान होतं ते मानपत्रांचं. आमच्याकडे माणूस निवृत्त झाला की त्याला शाल, नारळ आणि चौकटीतलं मानपत्र मिळतं, आणि मानपत्र इंग्रजीत असतं. याचं कारण इंग्रजीचं प्रेम हे नाही. कचेरीतले अर्धे तेलुगू, अर्धे मराठी. तेलुगूत लिहिलं तर मराठी रुसतात, मराठीत लिहिलं तर तेलुगू. इंग्रजी कुणाचीच नाही, म्हणून तिच्यात सगळ्यांची स्तुती करता येते. शाली फिरत्या असतात, एकीच्या कोपऱ्यात तर मी तीन समारंभांत तीच टाचणी पाहिली. मानपत्र मात्र भिंतीवर राहतं.

ते लिहिण्याचं काम वर्षानुवर्षं नगराळे सरांकडे. आणि ते प्रत्येकाला मोजून एकच क्रियाविशेषण देत. कचेरीतल्या एका कारकुनानं काम 'पंक्च्युअली' केलं, म्हणजे वेळेवर. बाकी काही म्हणवलं नाही. पोचन्नाच्या आधीच्या शिपायानं 'चिअरफुली' केलं, म्हणजे हसतमुखानं. आधीच्या मुख्याध्यापकांनी 'रेग्युलरली' केलं, आणि ते जन्मभर त्या शब्दाकडे संशयानं पाहत राहिले. हळूहळू लोकांना या शब्दांची चढण कळायला लागली. पाहुणा घरात आला की तो आधी भिंतीवरची चौकट शोधे. "तुमाले कोन्ता लागला?" हा प्रश्न लग्नाच्या बोलणीतही निघालेला मी ऐकला आहे.

महसूल खात्यातले एक निवृत्त गिरदावर एका रविवारी सकाळी सरांच्या दारात येऊन उभे राहिले. नातवाकडून अर्थ समजून घेऊन आले होते.

"मास्तर, मले 'रीझनेबली' काऊन दिलं?"

"तुमी काम बऱ्यापैकी केलं, गिरदावर साहेब. मी बऱ्यापैकी लिहिलं."

"माह्या पोराच्या सासऱ्यानं वाचलं न ते! चाळीस पाहुण्यायसमोर!"

"मंग त्याईले सांगा, बऱ्यापैकी हाच लय मोठा शब्द हाये. आपल्या तालुक्यात किती जनायनं बऱ्यापैकी काम केलं, मोजा."

गिरदावर बसले, मोजायला लागले, बोटं थांबली. चहा पिऊन गेले. चौकट उतरवली नाही. मोठमोठे शब्द विकत लिहून मिळतात हे सगळ्यांना माहीत होतं. सरांचा लहान शब्द मिळायला मात्र नोकरी करावी लागे.

'होलहार्टेडली' त्यांनी एकाच माणसाला दिला होता. इंद्रवेल्लीकडच्या पाड्यांवर वर्षानुवर्षं पायी फिरलेल्या नर्सबाई होत्या, आम्ही सगळे त्यांना सिस्टर म्हणत असू. त्यांचं मानपत्र आरोग्य केंद्रात लावलेलं होतं. त्यांच्या घरात भिंतीला जागा नव्हती, भिंत कुडाची. ते वाचायला लोक ताप नसताना जात.

सरांच्या या सगळ्या प्रकारात थोडा माज होता, हे मी सांगितलं पाहिजे. साहेब लोकांच्या हारतुऱ्यांना ते हसत, आणि आपल्या एका शब्दासाठी लोक ताटकळतात हे पाहून त्यांच्या चालीत एक उडी येई. मी त्यांना तसं म्हटलं होतं. ते म्हणाले, "हाये ना. पण फेअरली."

मग ती यादी आली.

मुलं कमी असलेले वर्ग दुसऱ्या वर्गात मिसळायचे ठरत होते, आणि त्यात आमच्या मराठी वर्गांचं नाव होतं. मराठी मुलं खरोखरच कमी झाली होती. पिवळ्या व्हॅन गावात येऊन खासगी शाळांची मुलं उचलत होत्या. वर्ग बंद झाला तर उरलेल्या मुलांना तेलुगू वर्गात मागच्या बाकावर बसायचं किंवा आदिलाबादच्या वसतिगृहात जायचं. कविताची आई शाळेत येऊन सांगून गेली. "होस्टेलात मी पोरगी घालत नाई, मास्तर. आन तेलुगूत तिले काई समजत नाई. वर्ग गेला तं ते घरी राहीन. कापूस येचीन माह्यासंगं." ती रडली नाही, भांडली नाही. जे होणार ते सांगून गेली.

शेवटचा अभिप्राय मंडळाच्या मोठ्या साहेबांनी पाठवायचा होता. आणि साहेब त्याच महिन्यात निवृत्त होणार होते.

साहेब वाईट नव्हते. निजामाबादकडचे, गोरेपान, घामट. हार घातल्याशिवाय त्यांची मान सरळ राहत नसे, एवढंच. शाळेला भेट म्हणजे पंख्याखाली बसणं, मुलींनी म्हटलेलं स्वागतगीत, फोटो, आणि जाताना "मंचिदि, मंचिदि". छान, छान. एका दुपारी त्यांनी नगराळे सरांना बोलावून घेतलं. मी सोबत होतो, कारण एकट्यानं गेलं तर सर बसणार नाहीत आणि न बसणं हा अपमान समजला जाईल, असं मुख्याध्यापकांना वाटलं.

साहेब हसून म्हणाले, "नगराले साब, हमारा मानपत्र आपइच लिखते ना?"

"हाँ साब."

"वो सिस्टर को जो दिये ना आप, वोच हमको होना."

नगराळे सर खुर्चीवरून उठले. साहेबांच्या टेबलावर काचेखाली वर्गांची यादी होती आणि आमच्या शाळेपुढची जागा कोरी होती. साहेबांनी त्या यादीकडे बोट दाखवलं नाही, तिचं नाव काढलं नाही. त्यांनी फक्त काच रुमालानं पुसली. पुसायची गरज असावी, धूळ होती. पण आम्ही दोघंही वाचून बसलो.

त्या दिवसापासून समारंभापर्यंत नगराळे सर कुणालाच पुरे सापडले नाहीत. शाळेत असत आणि नसत. तास सुरू करत, मुलांना वाक्य देत आणि अंगणात फेऱ्या मारत. पोचन्नाचा अर्धा कपसुद्धा गार होऊ लागला. घरी गेलो की ते मसुदा लिहीत, फाडत, दारापर्यंत जात, परत येत.

मी म्हटलं, "सर, लिहून टाका. कोण वाचतं?"

ते माझ्यावर धावूनच आले. "कोन वाचते? गिरदावर वाचते! सिस्टर वाचते! ह्या मुलखात माह्यापाशी दुसरं काय हाये, प्रोफेसर? जमीन नाई, जुमला नाई. माह्या बापानं वांकिडीकडं दुसऱ्याच्या वावरात जलम काढला. माह्यापाशी एवढंच हाये, का मी लिहिलं तं ते तेवढंच असते."

"आणि वर्ग?"

आतून सुमनताई बाहेर आल्या. हात पदराला पुसत म्हणाल्या, "त्या कविताची माय मले भेटली आज. तिनं निंदाले इळा घेऊन ठेवला पोरीसाठी, लहानसा. लिहा न बाप्पा. तुमचा शब्द मोठा, का ते पोरगी?"

"दोनी मोठे हायेत ना! म्हून तं हिंडून राह्यलो!"

"हिंडा मंग," ताई म्हणाल्या आणि दिवा लावायला गेल्या.

समारंभ बोथच्या फंक्शन हॉलमध्ये झाला. दाराबाहेर साहेबांचा फ्लेक्स, त्यावर साहेबांपेक्षा वर्गणी देणाऱ्या मंडळींचे चेहरे जास्त. आत शालींची चळत. माइक आधी कुणाचंच ऐकेना, मग सगळ्यांचं ऐकू लागला. एका वक्त्यानं साहेबांना सूर्य म्हटलं, दुसऱ्यानं हिमालय, तिसऱ्याला काही उरलं नाही म्हणून तो दोन्ही म्हणाला. साहेब मान डोलवत शाली सावरत होते. त्यांनाही हे सगळं पाठ होतं.

मग नगराळे सर उठले. चेहरा ताप आलेल्या माणसासारखा. त्यांनी मानपत्र एका दमात वाचलं. साहेबांनी मंडळातल्या शाळांची सेवा होलहार्टेडली केली, हे वाक्य त्यात होतं. त्याच्या आजूबाजूला फुलं नव्हती, विशेषणं नव्हती. सरांनी खोटं लिहितानाही मोजूनच लिहिलं होतं.

हॉलमध्ये जे झालं ते भाषणांनी झालं नव्हतं. निवृत्त मंडळींची ओळ एकमेकांकडे पाहू लागली. गिरदावर स्पष्ट ऐकू येईल असं म्हणाले, "हात् तिच्या!" आणि साहेबांचा शाल सावरणारा हात थांबला. त्यांचे डोळे भरून आले. सूर्य आणि हिमालय झाल्यावर न हललेला माणूस एका शब्दानं हलला, कारण तो शब्द कसा मिळतो हे त्याला माहीत होतं. मला मोठी मौज वाटायला हवी होती. वाटली नाही.

जेवणानंतर आम्ही हात धूत होतो. साहेब मागून आले, बरोबरच्या लोकांना हातानं थांबवून. त्यांच्या खांद्यावर अजून एक शाल राहून गेली होती.

"नगराले साब. सच्ची बोलना. हम उत्ता थे? सिस्टर के जित्ता?"

अभिप्राय गेलेला नव्हता. कार्यभार सोडायला साहेबांना अजून दोन दिवस होते. एक 'हाँ' पुरला असता. कागदावर तर तो देऊनही झाला होता. मी सरांच्या पाठीत बोट खुपसलं. सरांनी नळ बंद केला. ओले हात तसेच धरून ते उभे राहिले, आणि मी त्यांना इतका वेळ एका जागी उभं राहिलेलं पूर्वी पाहिलं नव्हतं.

"नै साब," ते म्हणाले.

"फिर?"

"फेअरली, साब. बीच में. लेकिन जिस साल हमारे स्कूल का छत गिरा था, आप की गाड़ी नाले के उधर अटक गई. आप पैदल आए थे. घुटने तक कीचड़. बच्चों को गिनके, सब को घर भेज के, फिर गए. उस दिन आप बहुत ऊपर थे."

साहेबांनी आपल्या गुडघ्यांकडे पाहिलं. मग म्हणाले, "वो दिन याद है आपको?"

"है साब."

"किसीने नै बोला वो. घर में भी नै मालूम." त्यांनी खांद्यावरची शाल काढून हातात घेतली. "वोच लिखना था ना, नगराले साब. वो तो सच था. इत्ता बड़ा वर्ड देके आप वो छोड़ दिए."

सरांनी मान खाली घातली. त्यांच्या साऱ्या आयुष्यात त्यांना कुणी असं तपासलं नसेल. एखाद्या वाक्यात काय हवं होतं हे दुसऱ्यानं, आणि तेही मोठ्या साहेबांनी, त्यांना सांगावं!

"गलती हुई, साब."

"और क्लास?"

"क्लास बंद मत करो, साब. उस के लिएच लिखा मैं."

"मालूम है. मैंइच मँगाया ना." साहेब थकल्यासारखे हसले. "बच्चे लाओ. जून में बच्चे दिखे तो क्लास चलेगा, नै तो नै. मैं वैसाइच लिखता."

आणि त्यांनी तसंच लिहिलं. चौकट मात्र घरी नेली. ती लावली की नाही, मला माहीत नाही.

त्यानंतरचा उन्हाळा सरांना जड गेला. ज्यांच्या भिंतीवर त्यांचे शब्द होते त्यांनी बोलणं तोडलं नाही, पण भिंतीवरचे शब्द आपोआप हलके झाले. गिरदावर बाजारात म्हणाले, "आता माहं रीझनेबली बी काय कामाचं?" सरांनी ऐकलं आणि पुढे चालत राहिले. त्यांना सगळ्यात भीती सिस्टरची होती. एक दिवस मला बरोबर घेऊन ते आरोग्य केंद्रात गेले. निवृत्तीनंतरही सिस्टर तिथं बाकावर बसलेल्या असत, पोरांना डोस देताना आयांना धीर द्यायला.

"सिस्टर, तुमचा शब्द मी दुसऱ्याले देला," सर उभ्या उभ्या म्हणाले.

"आयकलं मी. लेकराईच्या वर्गासाठी देला ना?"

"हाव."

"मंग काय झालं? माह्या नावावर रजिस्टर होता का तो?" असं म्हणून त्या एका रडणाऱ्या पोराचं तोंड उघडायला गेल्या.

सरांनी त्यानंतर मानपत्र लिहिलं नाही. पुढच्या निरोप समारंभाचं मानपत्र झेरॉक्सच्या दुकानात तयार झालं, कुठल्या तरी दुसऱ्या माणसाच्या मानपत्रावर नाव बदलून. त्यात क्रियाविशेषणांची लयलूट होती. कुणाची तक्रार आली नाही.

त्याच उन्हाळ्यात माझी बदली आदिलाबाद शहरात झाली. सामान आधीच पाठवलं होतं. शाळा उघडायला थोडे दिवस असताना मी सकाळच्या बसनं निघालो. पेरण्या लागल्या होत्या. गावापुढच्या अरुंद रस्त्यावर एक ट्रॅक्टर चिखलात रुतला आणि बस त्याच्यामागे उभी राहिली. खिडकीतून पाहतो तर डाव्या हाताच्या वावरात, धुऱ्यावर म्हणजे बांधावर, नगराळे सर. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, चपला हातात. समोर ओळीनं बायका सरकी, कापसाचं बी, मातीत टोबत पुढे सरकत होत्या. एक बाई कमरेवर हात ठेवून थांबली होती. तिच्या बाजूला दहा-अकरा वर्षांची मुलगी, तिच्याही कमरेला सरकीची ओटी. पाचवी पास झालेली असावी. सर तिच्याबद्दल बोलत होते. बसचं इंजिन बंद होतं, सगळं ऐकू येत होतं.

बाई म्हणत होती, "व्हॅनवाले आलते, मास्तर. ते म्हणतात, आमच्या शाळेत घाला, पोरगी शंभर टक्के साहेब होते. फोटो बी दाखवले. तुमी काय म्हणता?"

सर एका पायावरून दुसऱ्या पायावर झाले. मी खिडकीत वाकलो. आत्ता या घडीला एखादा मोठा शब्द त्यांनी टाकावा असं मला फार वाटलं. तो मराठीत चालला असता, वऱ्हाडीत चालला असता, कागदही नव्हता.

"साहेब होते का नाई, मले नाई माहीत," सर म्हणाले. "वाचाले शिकीन. लिहाले शिकीन. आपल्या बोलीत समजून शिकीन. रोज येईन मी वर्गावर. येवढं पक्कं हाये. याच्यावर काई म्हणत नाई."

"येवढंच?"

"येवढंच."

बाईनं त्यांच्याकडे पाहिलं, मग ओळीत पुढे गेलेल्या बायकांकडे. "बरं, पाठवतो," ती म्हणाली. "वावर उरकलं का पाठवतो."

पण सर तोवर निघालेही होते. पुढच्या धुऱ्याकडे, जिथं दुसरं वावर होतं, दुसऱ्या बायका होत्या. मी हाक मारली. ट्रॅक्टर निघाला होता, बसचं इंजिन सुरू झालं होतं, त्यांना ऐकू गेलं नाही. मागे वळून पाहिलं तर ती बाई अजून तिथंच उभी होती. तिनं मुलीला जवळ ओढलं, तिच्या कमरेची सरकीची ओटी सोडली आणि स्वतःच्या ओटीवर बांधली.